चौदाव्या शतकातले दात

मर्विन पॉबजॉयचं तोंड मालिकावाल्यांना आधी आवडलं, मर्विन नंतर. हे तो स्वतःच सांगायचा आणि सांगताना मुद्दाम हसायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला काय ते दिसावं. वरच्या रांगेत पुढं एकच दात, लांबडा, डावीकडं कललेला. त्याच्या बाजूला हे एवढं खिंडार. खाली जे उरले होते ते काळे-पिवळे. कोल्डवेल गावचा दातांचा सरकारी डॉक्टर निवृत्त झाला तो झाला, त्याच्या जागी कोणी आलंच नाही. आजूबाजूच्या गावांत विचारावं तर सगळीकडं एकच उत्तर, नवीन पेशंट घेत नाही. आणि खासगीकडं जायला मर्विन कोण लॉर्ड लागून गेला होता? चीजच्या कारखान्यात साचे धुणारा माणूस तो. दुखलं की लवंगेचं तेल, फारच दुखलं की शेडमधली पक्कड. पक्कड इकडं पुष्कळांनी वापरलीय, बोलत कोणी नाही एवढंच.

कारखाना बंद पडला त्याच सुमाराला गावाबाहेरच्या पडक्या मठात शूटिंग आलं. गर्दीत उभे राहायला एक्स्ट्रा हवेत म्हटल्यावर निम्मं गाव रांगेत उभं. माणसं निवडणारी बाई रांगेतून चालत आली ती मर्विनपाशी थबकली. "जरा हसा बघू," म्हणाली. मर्विन लाजत लाजत हसला. बाईनं दोन्ही हात गालांवर ठेवले. "अगं बाई! हे कुठं दडवून ठेवलं होतंत इतके दिवस?"

तेव्हापासून मर्विनला काम कमी पडलं नाही. तो भिकारी झाला, थडगी खणणारा झाला, प्लेगनं मेला, फाशी बघायला जमलेल्या गर्दीत सगळ्यांच्या पुढं उभा राहिला. इतरांना मेकअपवाल्या पोरी तासभर चिखल-माती फासत बसायच्या. मर्विनला बघून म्हणायच्या, "तू जा रे राजा, तू तयारच आहेस."

त्याची बायको बेरिल. तिला हसू आवरायचं नाही. "जन्मभर मी याच्यामागं लागले, दात बघ बाबा, दात बघ. आणि आता त्याच दातांवर आमचं घर चालतंय!" संध्याकाळी टीव्हीवर तो दिसला की ती शेजारणींना फोन करायची, "लाव, लाव! आमचं ध्यान आलंय."

मग बेरिलचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा विसरली, मग गॅस, मग घराचा रस्ता, आणि शेवटी मर्विनला. एक दिवस सकाळी त्यानं चहा नेऊन दिला तर म्हणाली, "तुम्ही नळ दुरुस्त करायला आलात ना? मागच्या दारानं या." मर्विन स्वयंपाकघरात येऊन सिंकपाशी उभा राहिला आणि ढसाढसा रडला. पुढं तिला घरात सांभाळणं त्याला झेपेना. विलो लॉज नावाच्या केअर होममध्ये तिला ठेवावं लागलं.

तिथं दुपारी टीव्हीवर जुन्या मालिका पुन्हा लागतात. एकदा मर्विन तिच्या शेजारी नळवाल्यासारखा अंग चोरून बसला होता आणि पडद्यावर मठाच्या पायरीवरचा भिकारी आला. दात विचकून हसला. बेरिल खुर्चीतून पुढं झाली. "अहो, हा बघा आमचा मर्व!"

मर्विननं खुर्ची तिच्याजवळ ओढली. त्यानं तिच्याकडं तोंड केलं आणि तसाच हसला, खिंडारासकट. तिनं पडद्याकडं बघितलं, याच्याकडं बघितलं. हळूच बोट पुढं केलं आणि त्या कललेल्या दाताला लावलं. "सापडलास!" म्हणाली. "कुठं होतास रे इतका वेळ?"

झालं. त्या दिवसापासून रोज दुपारी हेच. मालिका लागायची, भिकारी दिसायचा, बोट दाताला लागायचं, आणि चहा संपेपर्यंत मर्विन पॉबजॉय पुन्हा बेरिलचा नवरा असायचा. आपल्याला वाटतं एवढंसं काय त्यात. पण त्या माणसाचा सगळा दिवस त्या एका कपावर उभा होता.

फक्त एक काटा होता. एक्स्ट्रांनी बोलायचं नसतं. गर्दीनं ओठ हलवायचे, हातवारे करायचे, भांडायचंसुद्धा, पण आवाज काढायचा नाही, नाहीतर मुख्य नटांचं बोलणं बिघडतं. मर्विनला ती कला इतकी साधली होती की तो अख्खं भांडण मुक्यानं करायचा. बेरिलला मात्र ते लागायचं. "तू तिथं सगळ्यांशी बोलतोस, मर्व. मला तेवढं ऐकू येऊ देत नाहीस. रागावलायस माझ्यावर?"

"अगं ते कामच तसं असतं, बेरिल."

"मी काय केलं रे? सांग ना, मी काय केलं?"

तो समजावायचा. तिला पटायचं. तो निघून गेला की ती ते विसरायची आणि तेवढं एकच तिच्याजवळ उरायचं, की मर्व रागावलाय, बोलत नाही. तिथल्या बाया सांगायच्या, संध्याकाळी खिडकीपाशी बसून रडते.

म्हणून जेव्हा नव्या मालिकेत त्याला एक वाक्य मिळालं, तेव्हा मर्विनला आकाश ठेंगणं झालं. मालिका चौदाव्या शतकातली. प्लेगमध्ये मठातली माणसं पटापट मेलीत, दारावर एकटा द्वारपाल उरलाय, रात्री एका सरदाराची बायको घाबरून दार ठोठावते. द्वारपाल दार उघडून म्हणतो, "घाबरू नका बाई, मी इथंच आहे." एवढंच. पण विचार करा, हेच वाक्य! बेरिल एकदा टीव्हीवर ऐकेल, केअर होमवाल्या बाया तेवढा तुकडा तिला रोज लावून देतील, आणि खिडकीपाशी बसून रडायचं कारणच उरणार नाही. मर्विन ते वाक्य कुत्र्याला फिरवताना म्हणायचा, बटाटे सोलताना म्हणायचा, केटलीला म्हणायचा.

हे सगळं, दातापासून वाक्यापर्यंत, त्यानं फक्त वेंडेलला सांगितलं होतं. वेंडेल क्लेमेंट्स म्हणजे ब्रिस्टलचा निवृत्त बस ड्रायव्हर, आईबाप जमैकाहून आलेले, रंगानं काळा, अंगानं दणकट. दोघं बरीच वर्षं गर्दीत एकत्र होते. एकाच डब्यातली बिस्किटं खायचे, एकमेकांची टर उडवायचे.

शूटिंगच्या पहिल्या सकाळी मठाच्या मैदानात घोट्याएवढा चिखल. गोणपाटाचे अंगरखे घालून एक्स्ट्रा कुडकुडत उभे. गर्दी सांभाळणारी मुलगी इमोजेन एका उंच बाईंना घेऊन आली. "या डॉक्टर हेस्टर मॉसप. इतिहासाच्या. या वेळी सगळं अगदी खरं दाखवायचंय." मागच्या मालिकेत कोणाच्या तरी ताटात बटाटा दिसला होता. त्या काळी इकडं बटाटा कुठला! त्यावरून देशभर बोंब झाली होती आणि दिग्दर्शकानं त्याचा धसका घेतला होता.

मॉसप बाई एकेकाचे बूट, बेल्ट, नखं बघत पुढं सरकत होत्या. मर्विननं सवयीनं सगळं खिंडार उघडं केलं. बाईंचा चेहरा पडला.

"अरेरे," त्या म्हणाल्या. "हे नाही चालायचं."

"काय नाही चालायचं?"

"दात. त्या काळी शेतकऱ्याला साखर कुठं मिळायची? भाकरी भरड, पिठात जात्याची कच, त्यानं दात झिजायचे. पण असे किडून पडायचे नाहीत. हाडं बघितलीत मी, शेकड्यांनी. कुजक्या दातांचा गावकरी ही टीव्हीनंच पैदा केलेली जात आहे."

"अहो बाई," मर्विन म्हणाला, "ती जात म्हणजे मीच."

आजूबाजूची माणसं हसली. बाईसुद्धा कसनुसं हसल्या. त्या दुष्ट नव्हत्या हो, आणि चूकही नव्हत्या, तेच तर वाईट. दिग्दर्शकाशी त्यांचं काहीतरी बोलणं झालं. मग इमोजेन परत आली, नजर चुकवत. "मर्विन, ऐका ना. तुम्ही मागं मेंढरांपाशी उभे राहाल? कॅमेऱ्याकडं पाठ करून? दाराचं वाक्य आम्ही दुसऱ्या कोणाला तरी देतोय."

दुसरं कोणी म्हणजे वेंडेल. वेंडेलला झोपेत करकरा दात खायची खोड, त्यापायी त्याच्या बायकोनं वेगळी खोली केलेली. पण दात सगळे शाबूत आणि हवे तसे झिजलेले. मॉसप बाईंनी त्याच्या तोंडात डोकावून बघितलं आणि हरखल्याच. "चौदावं शतक! अगदी चौदावं शतक!"

नाश्त्याला आधी कामगार-तंत्रज्ञ जेवतात, मग एक्स्ट्रा. त्या रांगेत मर्विन वेंडेलच्या मागं उभा होता. पुढून बेकनचा वास येत होता. त्याचा जीव नुसता तडफडत होता. कोणाला धरून ओरडावं कळत नव्हतं. मॉसप बाई गेल्या होत्या, दिग्दर्शक तंबूत होता. पुढ्यात होता तो वेंडेल.

"नाकार तू ते," मर्विन म्हणाला.

"मी नाही म्हटलं तर ते तुला देतील का? तिसऱ्याला देतील."

"मग खरं-खरं दाखवायचंय ना त्यांना? सगळं इतिहासाप्रमाणं?" मर्विनचा आवाज चढला. "तर मग तू तरी कुठला रे दारावर? तुझी माणसं तेव्हा होती का इथं?"

बेकन परतणारा माणूस हातातला चिमटा तसाच धरून बघत राहिला.

वेंडेल सावकाश वळला. "होती म्हणते ती मॉसप बाई. बंदराच्या गावांत होती. पण ते जाऊ दे. मर्व, मला इतकी वर्षं हेच सांगत आले. वेंडेल, तू इतिहासात बसत नाहीस, जरा त्या गाडीमागं उभा राहा. राहिलो. पावसात राहिलो. तू पुढं असायचास, अगदी कॅमेऱ्याच्या तोंडावर. तू कधी विचारलंस का रे, वेंडेल, तू गाडीमागं का म्हणून?"

विचारलं नव्हतंच मर्विननं कधी. वेंडेल रांग सोडून निघून गेला.

आता मर्विनच्या डोक्यात काय शिरलं ते बघा. मठाच्या दाराचा प्रसंग महिनाभरानं होणार होता. चांगले दात हवेत ना यांना? मग चांगले दात आणतो! बेरिलबरोबर दर ऑगस्टला समुद्रावर न्यायचा तो कॅरव्हॅन, गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर, त्यानं विकून टाकला आणि शहरातल्या दातांच्या खासगी डॉक्टरकडं गेला. "सगळे काढा. कवळी बसवा. लगेच."

डॉक्टरनं परोपरीनं सांगितलं. "हिरड्या बसायला काही महिने जाऊ देत. आता बसवलेली कवळी ढिली होईल."

"महिने नाहीत माझ्याकडं."

"बरं, रंग तरी वयाला शोभेल असा घ्या. हा जरा पिवळसर..."

"पिवळे दात मी जन्मभर घातलेत, डॉक्टर. यातला सगळ्यात पांढरा कोणता तो द्या."

उरलेले सगळे दात निघाले, तो कललेला लांबडासुद्धा. नर्सनं विचारलं, घरी न्यायचाय का? मर्विन म्हणाला, "फेकून द्या तिकडं." सुजलेलं तोंड बघून बेरिल घाबरेल म्हणून तो विलो लॉजकडं फिरकला नाही. फोनवर चौकशी करायचा. तिथली बाई म्हणायची, "दुपारची टीव्ही बघते आणि मर्व कुठंय विचारते." "येतोय म्हणावं. चांगली बातमी घेऊन येतोय." पेज आणि सूप पिऊन माणूस अर्धा झाला, पण वाक्य म्हणायचं सोडलं नाही. कवळीवर ते काही केल्या नीट बसेना.

दाराच्या प्रसंगाच्या दिवशी तो न बोलावता मठावर गेला. इमोजेननं बघितलं आणि तिच्या तोंडून "अरे देवा" निघालं. बाथरूममधल्या फरशीसारखे लखलखीत पांढरे दात, आणि त्यामागं खंगलेला म्हातारा. ती त्याला परत पाठवणारच होती. तेवढ्यात द्वारपालाच्या अंगरख्यातला वेंडेल पुढं आला. महिन्याभरात तो मर्विनशी एक अक्षर बोलला नव्हता. आताही त्यानं मर्विनकडं बघितलं नाही. इमोजेनला म्हणाला, "एकदा करून बघू द्या त्याला. त्यानं या वाक्यापायी काय केलंय ते दिसतंय ना? माझा अंगरखा त्याला होईल."

मॉसप बाईंनी होकाराची मान डोलावली, मेकअपवाल्या पोरीनं दातांना तपकिरी रंग फासला, आणि मर्विन त्या दारामागं जाऊन उभा राहिला. बाहेरून थापा पडल्या. त्यानं दार उघडलं. समोर घाबरलेली बाई, तिच्यामागं कॅमेरा, त्याच्यामागं सगळी माणसं. त्यानं तोंड उघडलं.

"घाबव्वू नका..."

वरची कवळी सुटून खाली आली. जिभेनं ती वर ढकलली तर शब्द अडकले. पुन्हा. तोंडात गुळणी धरून बोलल्यासारखं काहीतरी बाहेर पडलं. पुन्हा. नटीनं ओठ दाबून हसू आवरलं. मागं कोणाला तरी आवरलं नाही. घामानं आणि थुंकीनं तपकिरी रंग हनुवटीवर ओघळला. "अजून एकदा," मर्विन म्हणत होता, "फक्त एकदा. मला येतंय ते. घरी येतं मला. विचारा कुणाला पण!" घरी कोण होतं विचारायला? दिग्दर्शकानं शांतपणे सांगितलं, "थँक्यू, मर्विन. खरंच थँक्यू." वेंडेलनं अंगरखा परत घेतला आणि एका दमात ते वाक्य म्हटलं. छान म्हटलं. ऐकणाऱ्याला धीर यावा असं.

काम आटोपल्यावर वेंडेलला तो कुंपणापाशी चिखलात बसलेला सापडला.

"वेंडेल, त्या दिवशी मी जे बोललो..."

"बोललास. लागलं मला. अजून लागतंय. ऊठ, गाडीत बस. विलो लॉजला सोडतो."

वाटेत सिग्नलला गाडी थांबली तेव्हा वेंडेलनं वळून त्याच्याकडं नीट बघितलं. "मर्व, बेरिलनं बघितलंय का हे तुझं तोंड?"

"नाही अजून. का?"

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी जराशी तिथंच उभी होती. मागच्यानं भोंगा वाजवला. आणि तेव्हा, वेड्या मर्विनला, पहिल्यांदा कळलं, बेरिल बोट कशाला लावायची ते.

बेरिल टीव्हीपुढं बसली होती. मालिका सुरू होती. मर्विन शेजारच्या खुर्चीत बसला. दोन्ही हात गुडघ्यांत घट्ट धरले. देवाधर्माचं त्याचं फारसं नव्हतं, पण त्या वेळी त्यानं मनातल्या मनात जे सुचेल ते सगळं म्हटलं. पायरीवरचा भिकारी आला, दात विचकून हसला. बेरिल पुढं झाली. "हा बघा आमचा मर्व!"

मर्विननं तिच्याकडं तोंड केलं आणि हसला.

तिनं पडद्याकडं बघितलं. याच्याकडं बघितलं. बोट वर आलं, त्याच्या तोंडापाशी आलं, थांबलं, आणि परत तिच्या मांडीवर गेलं.

"किती छान दात आहेत हो तुमचे," ती अदबीनं म्हणाली. "आमच्या मर्वचे म्हणजे नुसतं खिंडार. जन्मभर सांगितलं, ऐकेल तर शपथ. येईलच तो आता. त्याचीच खुर्ची आहे ती, पण बसा तुम्ही तोवर."

"बेरिल," तो म्हणाला. "बेरिल, मी..."

"बोलत नाही माझ्याशी." तिनं आवाज खाली आणला, परक्याला घरातलं सांगताना आणतात तसा. "बघा ना, ओठ हलतायत त्याचे. मला ऐकू येऊ देत नाही. फार दिवस झाले, इकडं फिरकला पण नाही. मी काहीतरी केलं असणार." आणि तिचे डोळे भरून आले.

मर्विन खुर्चीतून खाली गुडघ्यांवर आला. तिचा हात त्यानं दोन्ही हातांत धरला. जिभेनं वरची कवळी टाळूला घट्ट दाबली आणि वाक्य म्हटलं. कसं कोण जाणे, या वेळी ते नीट आलं, एकेक शब्द सुटा, खणखणीत.

"घाबरू नका बाई, मी इथंच आहे."

बेरिलनं हात काढून घेतला नाही. उलट दुसऱ्या हातानं त्याच्या हातावर थोपटलं. "हो हो, तुम्ही आहात," ती म्हणाली. "फार भले आहात. पण मर्व कुठंय?"

मर्विननं सांगायला तोंड उघडलं. ओठ हलले, गर्दीत हलायचे तसेच, आणि आवाज काही बाहेर आला नाही.